बोथट गोळी

आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं दोन पुरुष एकमेकांशी बोलत नव्हते आणि त्या दोघांमधलं टपाल मी होते. एक माझे बाबा, मूळचे पुण्याचे, तुआसच्या एका कारखान्यात ब्लोअरचे, म्हणजे खोलीएवढ्या मोठ्या पंख्यांचे, डिझाइन इंजिनिअर. दुसरा माझा मामा, आईचा धाकटा भाऊ दिनकर, गडहिंग्लजकडचा, तुआसमध्येच एका शिपयार्डात सुपरवायझर. दोघे सकाळी एकाच लिफ्टने खाली उतरत नसत. एक उतरला की दुसरा लिफ्ट परत वर येईपर्यंत थांबे. खाली एकाच स्टॉपवर आपापल्या कंपनीच्या बसची वाट बघत आणि मध्ये निदान चार अनोळखी माणसं उभी राहतील याची काळजी घेत. मी सोळा वर्षांची होते, शाळेत शहाणी आणि घरात कळलावी.

मामा आला तेव्हा एक महिन्यासाठी आला होता. शिपयार्डजवळ खोली मिळेपर्यंत, असं आईने बाबांना सांगितलं होतं. तो स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहिला, आणि खोली मिळण्याचा विषय निघाला की आई कुकरची शिट्टी काढून धुवायला घेई. बाबांचा राग मामा राहिला एवढ्यावरच नव्हता. मामा आल्यापासून घरात रविवारी मटण शिजायला लागलं होतं. आईने लग्नानंतर सतरा वर्षं पुण्याच्या पद्धतीची गोडसर आमटी केली होती आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. भाऊ आला आणि पहिल्याच रविवारी तिने टेक्का मार्केटमधून मटण आणलं, सुकं खोबरं गॅसवर धरून काळं केलं, तांबडा रस्सा केला, पांढरा केला, आणि घामाघूम होऊन, पदर खोचून, ताटावर बसली. आई जेवताना आवाज करते हे मला त्या दिवशी कळलं. हाड फोडून त्यातली नळी ती अशी ओढायची की शेजारच्या मिसेस टॅन दार उघडून बघायच्या.

बाबांनी भांडण केलं नाही. त्यांनी हवा वापरली. पुढच्या रविवारी हॉलमध्ये तीन टेबलफॅन मांडले, एक उंच स्टुलावर, एक दाराशी, एक पॅसेजच्या वळणावर. उदबत्ती पेटवून तिचा धूर कुठून कुठे जातो ते बघितलं, पंखे इंचाइंचाने सरकवले, आणि शेवटी अशी सोय करून दिली की मटणाचा सगळा वास स्वयंपाकघरातून निघून बरोब्बर मामाच्या खोलीत शिरे आणि तिथेच मुक्काम करी. हॉलमध्ये वासाचा टिपूस नाही. मामा संध्याकाळी खोलीत गेला, नाक वर करून दोनदा हुंगलं, आणि मला म्हणाला, "बापाला सांग, झोपेत पण जेवल्यासारखं वाटतंय. उपकार झाले." मी बाबांना सांगितलं, "मामा म्हणतो, तुमचे पंखे चालत नाहीत."

हे मी आता हसत हसत लिहितेय, पण माझा मुलगा परवा हेच ऐकून म्हणाला, "मा, यू व्हेरी टॉक्सिक लाह." तो इथेच वाढलाय, त्याला सगळ्या गोष्टींना नाव देता येतं. आमच्या वेळी अशा मुलीला नाव नव्हतं, काम होतं. बाबा म्हणत, "तुझ्या मामाला सांग, चपला दाराबाहेर काढायच्या." मी जाऊन सांगे, "बाबा म्हणतात, चपला आत आल्या तर तू बाहेर." मामा म्हणे, "दाजींना म्हणावं, उद्या काढतो." मी परत येऊन सांगे, "मामा म्हणतो, उद्या बघू." निरोपात फोडणी घालणं हा माझा छंदच होता. निरोपातून काही काढून टाकणं मात्र मी एकदाच केलं.

मामा महिन्यातून एकदा रविवारी कॉजवे, म्हणजे समुद्रावरचा सरहद्दीचा पूल, ओलांडून पलीकडच्या देशात, जोहोरला जायचा. तिथे पाम तेलाच्या मळ्यात रानडुकरं कोवळी रोपं उकरून टाकत, आणि मळ्याचे मुकादम, सगळे त्यांना सेंग अंकल म्हणत, लायसन्सची बंदूक घेऊन ती मारत. मामा बंदुकीला हात लावत नसे, परदेशी माणसाला ते चालतच नाही. तो माग काढायचा. माझे कोल्हापूरकडचे आजोबा शिकारी होते, त्यांच्या पाठोपाठ हिंडून मामा माग काढायला शिकला होता. परत येताना तो मळ्यातच बूट झटकायचा आणि सगळे खिसे उलटे करायचा. चुकून एखादं रिकामं काडतूस पँटीच्या घडीत राहिलं तरी वुडलँड्सच्या चेकपॉइंटवर आयुष्याची माती होईल, हे त्याला पक्कं माहीत होतं. घरी तो फक्त गोष्टी आणत असे. त्या त्याने रात्री जेवणावर सांगाव्यात, आईने दोन्ही कोपर टेबलावर टेकवून ऐकाव्यात, आणि बाबांनी वरणभात कालवताना चमचा जरा जास्तच जोरात आपटावा.

अशाच एका रविवारी मामा आईला सांगत होता. "अक्का, डुकराला बोथट गोळी लागते. जाड, आखूड, ठोंब्या तोंडाची. टोकदार गोळी सुईसारखी आरपार जाते, आणि डुक्कर आपलं काही झालंच नाही असं चालत राहतं. बोथट गोळी आत जाऊन सगळा जोर तिथंच ठेवते."

बाबांचा चमचा थांबला. हवा हा त्यांचा विषय होता, आणि त्यांच्याच टेबलावर बसून कोणी हवेबद्दल बरळत होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझ्या मामाला विचार, बोथट तोंडाने हवेत कसं जातात ते त्याला माहीत आहे का? बोथट वस्तू हवेला ढुशी मारते. पुढे हवा दाटते, मागे भोवरे होतात, वेग गळून जातो, गोळी वाकून खाली येते. टोक असलं की हवा दोन्ही अंगांनी सरकून जाते. हे आम्ही दुसऱ्या वर्षाला शिकतो."

मामा टेबलाच्या त्याच बाजूला, हातभर अंतरावर बसला होता. तो मला म्हणाला, "दाजींना सांग, वीस पावलांवरनं मारतोय आम्ही. वीस पावलांत हवेला कळायच्या आत डुक्कर आडवं असतंय."

"म्हणूनच वीस पावलांवर जावं लागतं," बाबा मला म्हणाले. "शास्त्र माहीत नसलं की जनावराच्या तोंडात जाऊन उभं राहावं लागतं. गोळीचा आकार नीट निवडला तर ऐंशी मीटरवरून काम होईल. आणि याला शौर्य म्हणतात ही मंडळी."

ही मंडळी म्हणजे आईचं माहेर. आईने ताट उचललं आणि सिंकमध्ये ठेवलं नाही, टाकलं.

त्यानंतर आठवडाभर आमच्या हॉलमध्ये ग्राफपेपर पसरलेला होता. सेंग अंकलकडे कोणा नातेवाइकाने आणलेली काडतुसांची एक नवी पेटी पडून होती. त्यातल्या गोळ्या लांबट, टोकदार, देखण्या. नेहमीच्या गोळ्या म्हणजे शिशाच्या ठोंब्या टोप्या. मामाने दोन्हींची चित्रं आणि वजनं कागदावर उतरवली, मी ती बाबांना दिली, आणि बाबा कामाला लागले. इतक्या आनंदात मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल. जेवायला हाक मारली की "आलो" म्हणत आणि येत नसत. शुक्रवारी त्यांनी दोन वळणदार रेषांचा तक्ता माझ्या हातात दिला. एक रेषा धापकन खाली येत होती, दुसरी लांबवर तरंगत होती. "तुझ्या मामाला दे. आणि हेही सांग. त्या टोकदार गोळीने, या तक्त्याप्रमाणे नेम धरून, ऐंशी मीटरवर डुक्कर पडलं, तर महिनाअखेर त्याने आपली सोय बघावी. नाही पडलं, तर तो म्हणेल तोवर इथे राहील आणि मी त्या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही."

हा निरोप मी एक अक्षर न बदलता पोचवला. आई भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला. मामाने तक्ता बघितला आणि म्हणाला, "चल, खाली जाऊ."

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दोन मुलं बॅडमिंटन खेळत होती. मामाने त्यांच्याकडून एक शटल मागून घेतलं, खिशातून पेन्सिल काढली, आणि दोन्ही एकामागून एक भिरकावून दाखवली. पेन्सिल दोन हात सरळ गेली आणि मग कोलांट्या खात पडली. शटल कसंही फेकलं तरी तोंड पुढे करूनच जात होतं. "बघितलंस? याचं तोंड जड आणि मागचा भाग पोकळ. हवाच त्याला सरळ धरते. आमची ठोंबी गोळी अशीच असते. पेन्सिलीला सरळ जायचं तर तिला भोवऱ्यासारखं फिरवत सोडावं लागतं. रायफलच्या नळीत त्यासाठी आटे पाडलेले असतात, स्क्रूसारखे. सेंगच्या बंदुकीची नळी आतून साफ गुळगुळीत आहे. आटे नाहीत. मी चित्रं दिली, वजनं दिली, नळीचं सांगायचंच राहिलं. तुझ्या बापाला एवढं सांग. मग तक्ता काय म्हणतो ते बघू."

लिफ्टमधून वर येताना मी या निरोपाचा विचार केला, आणि मला सगळं लख्ख दिसलं. हे बाबांना कळलं तर ते नवा कागद घेतील, तक्ता पुन्हा मांडतील आणि काहीतरी करून जिंकतील. जिंकायचं त्यांना माहीत होतं. मग मामा जाणार, गोष्टी जाणार, रविवार जाणार, आईच्या ताटातला तो आवाज जाणार. मी घरात शिरले. बाबा तक्त्याच्या नकलेवर पट्टी धरून बसले होते. "काय म्हणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही नाही. बघतो म्हणाला." तासाभराने मामाने विचारलं, "काय म्हणाले दाजी?" मी म्हटलं, "म्हणाले, काही फरक पडत नाही. आकडे तेच."

मामाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी ओळखलं नाही, आज ओळखते. तो आदर होता. एवढ्या शिकलेल्या माणसाने ठामपणे सांगितलंय, म्हणजे आपल्याला न कळणारं काहीतरी त्याला कळत असणार, असं त्याला वाटलं.

पुढचा प्रसंग मी पाहिलेला नाही, पण रॅफल्स प्लेसच्या आमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाने तो माझ्याकडून निदान दोनदा ऐकलाय, आणि दर वेळी डुक्कर थोडं मोठं झालंय. इथे ते आहे तेवढंच ठेवते. सेंग अंकलना ती टोकदार गोळी आवडली नव्हती. एखादी आधी कागदावर मारून बघू, असं ते म्हणाले, पण लायसन्सवर काडतुसं मोजून मिळतात, वाया घालवायला मन होईना. मामाने तक्ता दाखवला. सेंग अंकलनी तो दोन्ही हातांत धरून वाचला. "हू मेक?"

"माय सिस्टर्स हजबंड. इंजिनिअर."

"इंजिनिअर ऑलरेडी कॅल्क्युलेट, देन कॅन लाह," ते म्हणाले, आणि एरवी कधीच घेतला नसता असा लांबचा नेम त्यांनी नव्या लागवडीच्या उघड्या पट्ट्यातून घेतला. गोळी हवेत कोलमडली. खांद्यामागे लागायची ती मागच्या मांडीत, तीही आडवी, काठी शिरावी तशी शिरली. डुक्कर ओरडत झुडपात गेलं.

मामा तिथूनच परत येऊ शकला असता. पैज तो जिंकलाच होता. पण जखमी जनावर मागे टाकून यायचं नाही हा आजोबांचा नियम होता, आणि रक्ताचा माग काढणं हे मामाचं काम. तो पुढे, सेंग अंकल मागे. बंदुकीत आता नेहमीची ठोंबी गोळी होती. डुक्कर वीस पावलांवरही नव्हतं, पाचावर होतं. ते बाहेर आलं, सेंग अंकलनी ते जागच्या जागी पाडलं, पण तेवढ्यात त्याच्या सुळ्याने मामाची मांडी वीतभर उघडली होती.

जोहोर बारूच्या हॉस्पिटलात टाके घालून तिसऱ्या दिवशी मामा घरी आला. सेंग अंकलच त्याला सोडायला आले. दारात आईने भावाचा पाय पाहिला आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याला मी तेव्हाही घाबरले. बाबा पुढे आले. त्यांनी मला सांगितलं, "तुझ्या मामाला म्हणावं, मी हरलो. त्याने हवं तेवढं राहावं." मग खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं, बाबा चिडतील, टोमणे मारतील, पंखे पुन्हा मांडतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. ते जेवायचे थांबले. रोज रात्री ऑफिसातून ड्रॉइंगच्या गुंडाळ्या आणत आणि वर्षानुवर्षांची जुनी गणितं पुन्हा तपासत. आपलं एवढं साधं गणित चुकलं, तर जे पंखे बनून कारखान्यांत फिरतायत त्यांचं काय, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. एकदा मी पाणी द्यायला गेले तर ते तोच तक्ता घेऊन बसले होते. मला म्हणाले, "बघ बरं, तुला कुठे चूक दिसते का." माझे बाबा, सोळा वर्षांच्या मुलीला विचारत होते.

मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं. मामा पाय स्टुलावर ठेवून बसला होता, आई वाढत होती. मी म्हटलं, नळी आतून गुळगुळीत आहे हे मामाने मला सांगितलं होतं, मी बाबांना सांगितलं नाही, आणि आकडे तेच असं बाबा कधी म्हणालेच नाहीत. एका दमात म्हटलं. आईच्या हातातली पळी रश्श्यावर तशीच राहिली.

बाबांचा चेहरा उजळला. दुसरा शब्दच नाही त्याला. पोटात अन्न गेल्यासारखा रंग आला त्यांच्या गालांवर. ते उभे राहिले, खुर्ची मागे सरकली, आणि म्हणाले, "म्हणजे गणित चुकलं नव्हतं."

मामा त्यांच्याकडे बघत राहिला. वाट बघत होता. या वाक्यानंतर अजून एखादं वाक्य येईल, पायाबद्दल, टाक्यांबद्दल, कशाहीबद्दल, म्हणून त्याने थोडा वेळ दिला. बाबा म्हणाले, "मला माहितीच चुकीची मिळाली. पैज रद्द धरली पाहिजे." आणि ते ग्राफपेपरसाठी खोलीत गेले, दार लावून घेतलं.

मामाने स्टुलावरून पाय खाली घेतला. "अक्का, माझी बॅग कुठंय?"

"दिनू, जेवून घे."

"जेवलो की."

ताटाला त्याने हातही लावला नव्हता. आईने पळी खाली ठेवली, बंद दाराकडे तोंड केलं आणि त्या घरात मी ऐकलेल्या सगळ्यात शांत आवाजात म्हणाली, "तुमचं गणित बरोबर आहे. माझा भाऊ चाललाय." दारामागून पट्टी सरकल्याचा आवाज येत होता.

बॅग मी घेतली, मामाने घेऊ दिली. लिफ्टपाशी मी रडत होते, आणि खरं सांगते, त्यातही थोडं नाटक होतं. मला वाटत होतं की तो हसेल, डोक्यावर टप्पल मारेल, लेकी म्हणेल. लिफ्ट आली. त्याने माझ्या हातातून बॅग घेतली. "तुझ्या बापाची एवढी एकच चूक माझ्यापाशी होती," तो म्हणाला. "तिच्या जोरावर जन्मभर राहिलो असतो या घरात. तीही खोटी निघाली." मग बॅग खांद्यावर चढवत, "मला वाटलं होतं, निदान मला तरी तू खरं सांगतेस." लिफ्टचं दार बंद झालं.

मी परत आले तर बाबा हॉलमध्ये उभे. हातात नवा कागद. "इकडे ये, इकडे ये," म्हणाले, अगदी लहान मुलासारखे. "गुळगुळीत नळी धरून परत मांडलं. गंमत बघ. आटे नसले तर माझी टोकदार गोळी उलटीपालटी होते, व्हायलाच हवी. आणि ती ठोंबी जशीच्या तशी सरळ जाते. त्या नळीला तीच गोळी योग्य. तो म्हणत होता तीच." त्यांना हे कबूल करताना जराही जड गेलं नाही. कागद म्हणत होता, म्हणून तेही म्हणत होते. "जा, तुझ्या मामाला बोलाव. दाखवतो."

"मामा गेला," मी म्हटलं.

ते कागद घेऊनच बाहेर कॉरिडॉरमध्ये धावले. आमचा मजला नववा. खाली मामा लंगडत स्टॉपकडे चालला होता, एका खांद्यावर बॅग, दर चार पावलांनी थांबत होता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती. बाबा कठड्यावर वाकले, तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. दोन वर्षांत त्यांनी त्या माणसाला एकदाही हाक मारली नव्हती. दिनकर म्हणायचं, की दिनकरराव, की नुसतंच अहो, हे त्यांना ठरवता येईना. खाली बस येऊन थांबली. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, निरोप देताना पाहायचे तसं.

मी आत निघून गेले.